वळणावरचा हेल

भिवंडीत कापलेल्या भाताचा वास यायला आता काही कारण उरलेलं नाही. माझ्या बिल्डिंगच्या मागे लूमचे कारखाने, पुढे रिक्षा स्टँड, आणि गॅलरीत उभं राहिलं की उडत येऊन केसांत बसणारा कापसाचा पांढरा भुगा. तरी दसरा उलटला की एखाद्या सकाळी तो वास येतोच. कुणाचा तरी टेम्पो पेंढा भरून जातो, नाहीतर अंबाडीकडून आलेली एस.टी. दाराच्या फटीत दोन काड्या अडकवून येते. ओलसर, गोडूस, जरा धुळीचा वास. मग माझा तो दिवस कामाचा राहत नाही. चहा ठेवते आणि तो उतू जातो. भाजी चिरायला घेते आणि सुरी हातात धरून बसून राहते. आमच्या वडप्याच्या पुढच्या गावात या दिवसांत माणूस मेलं तरी कापणी थांबत नसे, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत राहतं.

तुम्ही मला ओळखत असाल, पण नावानं नव्हे. नावानं मला बँकवालेसुद्धा ओळखत नाहीत. मी इंदूवन्सं. हां, तीच. संध्याकाळच्या त्या कौटुंबिक मालिकेतली जांभळ्या नऊवारीतली, अंबाड्यात प्लॅस्टिकची शेवंती खोचलेली, दूध उतू गेलं की मैत झाल्यासारखी रडणारी नणंद. आता हसलात ना? हसा. त्याच हसण्यावर मी हा फ्लॅट घेतलाय, मला तक्रार करायला तोंड नाही.

पण आधी रडण्याचं सांगायला हवं, कारण शहरातल्या लोकांना ते ठाऊक नसतं. आमच्याकडे मैताला बायका नुसत्या डोळे पुसत बसत नाहीत. बाहेरगावाहून आलेली बाई गावाच्या वळणावरूनच हेल काढत येते. गेलेल्या माणसाला हाक मारते, त्याचं कष्टाचं, हौसेचं, भांडणाचं सगळं सांगते, सुरात. आणि तिचा आवाज कानावर पडला की घरातल्या बाईनं जागेवरून उठायचं, अंगणापर्यंत जायचं, आणि तिचा हेल घ्यायचा. म्हणजे तिची ओळ जिथं संपेल तिथून आपली सुरू करायची, गळ्यात पडायचं, आणि दोघींनी मिळून आत यायचं. एक काढते, दुसरी घेते. घेणारी बसून राहिली तर तो मेलेल्याचा अपमान, आणि आलेलीचाही. लेकीचा हेल तर सगळ्यांत मोठा. लेक रडत आल्याशिवाय आईला उचलत नसत.

माझी आय या कामात पटाईत होती. पंचक्रोशीत कुठं काही झालं की कुणीतरी म्हणायचंच, तिला निरोप धाडा, नाहीतर सगळं सुकं सुकं होईल. ती मुद्दाम रडायची असं नाही. तिला खरंच रडू यायचं, कुणाच्याही मैताला, अगदी ज्याच्याशी बांधावरून सात वर्षं बोलणं बंद होतं त्याच्याही. पण रडता रडता तिचं लक्ष असायचं. घरी परत आली, चुलीशी पाय पसरून बसली की सांगायची, अमकीनं बरा काढला पण शेवट पाडला. तमकीचा आवाज गोड पण नुसतं आपल्याच दुःखाचं सांगते, मेलेल्याचं नावच नाही. दादा तिला चिडवायचा, की आये तू परीक्षक म्हणून जातेस काय गो मैताला. ती त्याला फुंकणी दाखवायची.

मी नाटकात गेले ते गावच्या मंडळाच्या नाटकातून, मग ठाण्याच्या हौशी संस्थेतून. मोलकरीण, शेजारीण, देवळातली बाई, जिला दोन वाक्यं असतात आणि त्यातलं एक ऐनवेळी कापतात. त्या मालिकेतही मला दोन भागांपुरतंच घेतलेलं. घरात पाहुणी आलेली लांबची नणंद. प्रसंग असा की दूध उतू जातं आणि तिला वाईट वाटतं. दिग्दर्शक म्हणाले, जरा रडल्यासारखं करा. मला रडल्यासारखं करता येईना. दोनदा झालं, तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी रडकुंडीला आले आणि घरचं जे होतं ते तोंडातून बाहेर पडलं, सुरात, हेल काढून, आगो माझे दुधा गो, आता मना सकालची हाक कोन मारल गो. सेटवर काही क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग कॅमेरामननं तोंडावर रुमाल धरला आणि त्याच्या पाठोपाठ सगळे.

दिग्दर्शक हुशार माणूस. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन गोष्टींवर माझं सगळं करिअर उभं राहिलं. एक, तुम्ही रडत असताना घरातल्या कुणीही तुमच्याकडे बघायचं नाही, सगळे आपापलं खात पीत राहतील. दोन, ओळीचा शेवट वर न्यायचा नाही, पोतं टाकावं तसा धपकन खाली टाकायचा. आय ज्याला शेवट पाडणं म्हणायची आणि नाक मुरडायची, ते मी रोज दुपारी दिव्यांच्या उजेडात करायला शिकले. दोन भागांची पाहुणी मुक्कामालाच राहिली. लोणच्याच्या बरणीसाठी, हरवलेल्या चपलेसाठी, टीव्हीचं रिमोट सापडत नाही म्हणून, मी रडले.

मग काय विचारता. भिवंडीच्या बाजारात साडीच्या दुकानात शिरले की मालक गादीवरून उठायचा आणि म्हणायचा, पहिले एक बार रोके दिखाओ, फिर डिस्काउंट. रिक्षावाले रोनेवाली मॅडम म्हणून हाका मारायचे. लूमवर कांड्या भरणाऱ्या बाया संध्याकाळची शिफ्ट संपली की एका खोलीत दाटीवाटीनं बसून मला बघायच्या, असं त्याच सांगायच्या. मोठ्या जमीनदारांच्या हळदीला बोलावणं यायचं. डीजे थांबवून माझ्या हातात माईक द्यायचे आणि म्हणायचे, नवरी चाललीय, रडा जरा. मी रडायचे. मंडप हसून हसून आडवा व्हायचा, आणि नवरीची खरी आई एका खांबाला टेकून पदर तोंडाशी धरून उभी असायची, ती हसतेय की रडतेय ते मला कधी बघवलं नाही. परत येताना गाडीत एकटी असायचे. लोकांना इतकं हसवल्यावर घरी जाऊन कुणाला काय सांगायचं, हेच मला उमगायचं नाही, आणि घरी तसं कुणी नव्हतंही. लग्न राहूनच गेलं होतं. का राहिलं ते आता मलाही नीट आठवत नाही.

आयनं मालिका बरेच दिवस बघितलीच नव्हती. संध्याकाळी गावात लाईट असली तर नवल. एकदा दिवाळीत मी घरी असताना लाईट होती, आणि दादानं तिला ओटीवरून आत आणून टीव्हीसमोर बसवलं. त्या दिवशी इंदूवन्संची आवडती वाटी हरवलेली. मी पडद्यावर पाच मिनिटं रडले. दादा हसला, वहिनी हसली, शेजारची माणसं दारात उभी राहून हसली. आय हसली नाही. ती पुढं वाकून बघत होती, डोळे बारीक करून, परातीतले तांदूळ निवडताना बघायची तशी. भाग संपला, जाहिरात लागली. मी म्हटलं, काय गो, आवडलं न्हाय?

ती म्हणाली, "तुझे संगती कोनीच कशी रडत न्हाय गो? एवडी मानसा हायत घरान."

मी तिला समजावलं, की आय, तोच तर विनोद आहे. तिनं मान हलवली, समजल्यासारखी. पण जेवताना पुन्हा म्हणाली, की कुनी तरी उठाला पायजे व्हतं. मला त्या वेळी गंमत वाटली होती. दुसऱ्या दिवशी सेटवर मी हा किस्सा सांगितला, आणि तिथंही सगळे हसले.

आज गॅलरीत उभी आहे आणि खाली पेंढ्याचा टेम्पो लूमवाल्याच्या गल्लीत अडकलाय. पुढच्या ट्रकवाल्याशी त्याचं हिंदीत भांडण चाललंय. मला तेवढंच बरं वाटतंय, तो तिथं जरा वेळ थांबला तर. आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर पुष्कळदा देऊन बघितलं. प्रत्येक वेळी तिचा प्रश्नच जास्त बरोबर निघाला.

आय गेली त्या वर्षी नवरात्रापासूनच ती ओटीवरच्या खाटेवर होती. पाय सुजलेले, दम लागायचा, डॉक्टर म्हणाले वय झालंय. ओटीवरून आमची शेतं दिसायची, पिवळी पडत चाललेली, आणि शेतांच्या पलीकडे हायवेवर एका रांगेत उभे ट्रेलर. शेजाऱ्यांच्या जमिनीत आधीच भराव पडला होता. लाल मुरमाचा ढीग आणि त्यावर पत्र्याचं गोडाऊन, एवढं उंच की आमच्या खळ्यावर दुपारी त्याची सावली यायची. दादाचंही बोलणं पक्कं झालेलं होतं, हे शेवटचं पीक. आयला हे सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतं. ती भाताकडे बघत पडून राहायची आणि मध्येच म्हणायची, यंदा दाना भरलाय.

मी शूटिंगला सुट्टी असली की जायचे. अशाच एका सकाळी, वहिनी विहिरीवर गेली असताना, आयनं मला खाटेजवळ बसवलं आणि तालीम घेतली. दुसरा शब्द नाही त्याला. म्हणाली, मी गेली की तू वळनावरनं रडत ये. दादाची बायको कल्याणची, तिला हेल काढता येत न्हाय, घेता येईल तेवढा घेईल. मी म्हटलं, आय, काय अभद्र बोलतेस. तिनं माझं बोलणं कानाआड केलं. काय काय म्हणायचं ते सांगायला लागली. वालाच्या शेंगांची टोपली डोक्यावर घेऊन अंबाडीच्या बाजाराला जायची, ते सांग. दारातून कुणाला चहाशिवाय पाठवलं न्हाय, ते सांग. हौसेनं केलेले तोडे पोराच्या शिक्षणासाठी मोडले ते सांगू नको, त्याला वाईट वाटेल. आणि तुझ्या बापाचं नाव घेऊ नको, जित्तेपनी त्याच्या मागं मागं केलं ते पुरं झालं. मला हसू आलं. तिलाही आलं, आणि हसता हसता तिला दम लागला.

मग दम खाऊन तिनं माझा हात धरला आणि सगळ्यांत शेवटी जे सांगायचं ते सांगितलं. "शेवट वर धर. खाली टाकलास तर दुसरी कुठनं उचलल?"

बस्स. त्यानंतर मला भीतीनं घेरलं. आयच्या जाण्याची होतीच, पण ही वेगळी. चार वर्षं मी दिवसाला दोनदा शेवट खाली टाकत होते. माझा गळाच आता तसा वळला होता. अंघोळ करताना मी नळ मोठा सोडून प्रयत्न करायचे, एक ओळ, नुसती एक, वर धरून संपवायची. नाही जमायची. शेवटाशी आले की इंदूवन्संच यायच्या, जांभळी नऊवारी सावरत, आणि धपकन. आईनं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच मी विकून बसले होते, असं मला वाटायचं. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोक हसले असते, इतका तो किस्सा मजेदार होता.

कापणी सुरू झाली त्या आठवड्यात दादाचा फोन आला. मी सेटवर होते, तयार होऊन बसलेली. फोन ठेवला आणि जी पहिली गाडी मिळाली तिच्यात बसले. कपडे बदलायचे राहिले. ते माझ्या लक्षात कधी आलं माहितेय? गावाच्या वळणावर उतरले तेव्हा. खाली बघितलं तर जांभळा काठ. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हात मागे नेला तर अंबाड्यात प्लॅस्टिकची शेवंती. ती मी ओढून काढली आणि मूठ बंद केली. बाकीचं काढायचं कुठं? पुढं घर दिसत होतं, अंगणात माणसं, आणि माझ्यासाठी थांबलेली आय. वळणावरून रडत ये, म्हणाली होती. मी हेल काढला.

आगो माझे आये गो, म्हटलं. टोपलीचं म्हणाले, अंबाडीच्या बाजाराचं म्हणाले. आवाज खरा होता, देवाशपथ सांगते, माझ्या आयुष्यात इतका खरा आवाज मी काढला नव्हता. आणि ओळ संपता संपता शेवट आपसूक धपकन खाली पडला. रस्त्याच्या कडेला उभी असलेली पोरं आधी फिस्सकन हसली, इंदूवन्सं आली, इंदूवन्सं. मग अंगणातून हेल घ्यायला उठलेल्या बायकांनी मला बघितलं, त्या साडीत, त्या कुंकवात. एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरीचे खांदे हलायला लागले. वहिनी पुढं आलेली, तिचं तोंड रडून सुजलेलं, आणि त्याच सुजलेल्या तोंडातून तिला हसू फुटलं. ती तिथंच खाली बसली. कुणी माझा हेल घेतला नाही. मी रस्त्यावर उभी, माझी ओळ माझ्या पायाशी पडलेली.

मी गप्प झाले. चालत गेले, आत शिरले, आयच्या पायाशी बसले आणि मैत उठेपर्यंत एक शब्द बोलले नाही. लेकीच्या रडण्यावाचून तिला उचललं. गावानं त्याचाही अर्थ लावला, की ती आता मोठी झालीय, टीव्हीवर पैसे घेऊन रडते, घरी फुकट कशाला रडेल. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. वहिनी मात्र रात्रीची भाकरी घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ताई, आम्ही मुद्दाम न्हाय हो हसलो. मला ते ठाऊक होतं. तिच्यावर मला कधी राग आला नाही. राग यायला समोर कुणी तरी लागतं, आणि समोर मीच होते.

पाचव्या दिवशी शूटिंगला जावं लागलं, भाग अडला होता. दिग्दर्शकांनी हात जोडले, चहा मागवला, म्हणाले आज हलकाच प्रसंग ठेवलाय. प्रसंग काय, तर इंदूवन्संचा मातीचा तवा फुटतो. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, एक विनंती आहे, आज घरातली कुणी तरी एक बाई उठून माझ्यासोबत रडेल का? एकच ओळ. भला माणूस, त्यांना काहीतरी कळलं असावं. पण हळूच म्हणाले, मग त्यात विनोद कुठे राहिला, ताई? खरंच होतं. मी रडले. पहिल्याच टेकला ओके झालं. मागे बसलेली माणसं पोहे खात होती.

आणि मग ती दुपार. बारावं झालं होतं, सुतक फिटलं होतं, कापलेलं भात वाळून त्याचे भारे बांधून खळ्यावर आले होते. मी खळ्याच्या कडेला भाऱ्यांच्या उडवीला टेकून बसले होते. झोडणी चालली होती, भाताचे भारे फळीवर आपटल्याचा आवाज, धूळ, उन्हात चमकणारं बोचरं कूस. शेजारच्या गोडाऊनची सावली हळूहळू खळ्यावर चढत होती. झोडायला गावातली चार माणसं होती. दर वर्षी दिघाशीकडच्या पाड्यावरनं जानकी यायची, नवऱ्यासकट, कापणीपासून झोडणीपर्यंत आमच्याकडेच राहायची. आयनं तिला कधी अंगणात बसवून चहा दिला नाही, ओटीवर बसवून दिला, आणि त्यावरून भावकीत बोलणी खाल्ली. दोघी भांडायच्याही जोरात. त्या वर्षी जानकीला ताप होता, ती कापणीला आलीच नव्हती. तिला कुणी कळवलंही नव्हतं. घाईत कुणाच्या ध्यानात येणार?

तिला अंबाडीच्या बाजारात कळलं. आम्हाला आधी तिचा आवाज आला. दूर, ओढ्याच्या पलीकडच्या बांधावरून, उन्हातून, बारीकसा. झोडणाऱ्यांचे हात थांबले. मग ती दिसली, डोक्यावरचा पदर घसरलेला, बांधावरून तोल सावरत येणारी, आणि हेल काढत. "आगो माझे बाये गो, मी येईसतवर का न्हाय थांबलंस गो..." आणि शेवट वर. अधांतरी. कुणीतरी येऊन घेईपर्यंत तो तिथंच राहणार होता.

खळ्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरातली बाई मीच होते, वहिनी खालच्या बांधावरून जेवण घेऊन येत होती. जानकीनं मला टीव्हीवर कधी बघितलं नव्हतं. तिच्या पाड्यावर लाईटच नव्हती, टीव्ही कुठला. तिच्या लेखी मी बाईची लेक, एवढंच. ती थांबली होती, अर्ध्या बांधावर, घेणारीची वाट बघत. कसं उठले मला ठाऊक नाही. पायात कूस रुतत होतं. मी बांधापर्यंत गेले आणि तिची ओळ जिथं होती तिथून घेतली. जानके गो, म्हटलं, आय तुझी वाट बघत व्हती गो, यंदा दाना भरलाय म्हनत व्हती गो. शेवटाशी आले आणि मला वाटलं, आता पडणार. तो पडला नाही, कारण पडायच्या आत जानकीनं तो उचलला होता.

इतकं साधं होतं ते. मी इतके दिवस समजत होते की माझा गळा बिघडलाय. शेवट वर धरून ठेवायला एकटीचा गळा कधीच पुरत नाही, हे आयनं मला सांगितलं होतं आणि मी ते निम्मंच ऐकलं होतं. आम्ही गळ्यात पडलो. टोपलीचं झालं, अंबाडीचं झालं, चहाचं झालं. ते तर जानकीच म्हणाली, मी घेतलं. वहिनी डोक्यावरचं जेवण खाली ठेवून धावत आली आणि तिला येईल तसं, बेसूर, मध्येच शिरली. कुणी हसलं नाही. दादा झोडायच्या फळीवर आमच्याकडे पाठ करून बसला होता. बापाचं नाव मी घेतलं नाही. मग जानकीनं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला, आणि कुणी काही म्हणायच्या आत भारा उचलून झोडायला उभी राहिली.

पुढच्या वर्षी तिथं मुरूम पडला. त्याच्या पुढच्या वर्षी गोडाऊन उभं राहिलं, त्यात कुठल्यातरी कंपनीचे फ्रीज असतात म्हणे. जानकी काही दिवस तिथं खोके उचलायला येत होती, दादानंच लावून दिलं होतं. मग येईनाशी झाली. ती गेल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं, अगदी तिला आयचं कळलं होतं तसंच. मी पाड्यावर गेले, पण तिथं बांधावर उभं राहून हेल काढावा तर घ्यायला तिचं कुणी उरलेलं नव्हतं. मी तिच्या अंगणात जरा वेळ उभी राहिले आणि परत आले.

इंदूवन्सं आणखी दोन वर्षं चालल्या. नंतर प्रेशर कुकरशी गप्पा मारणारी काकू केली, बहिरी घरमालकीण केली, मिश्रीशिवाय शब्द न फुटणारी आजी केली. मग माझ्यासारख्या बायकांना मालिकांतून हळूहळू कमी करत गेले, घरंच मोठी आणि चकचकीत झाली, त्यात दूध उतू जायला जागा नव्हती. फोन येईनासे झाले. वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. वाटतं, पण ते सांगायला सुरुवात केली की समोरचा माणूस आधीच हसायच्या तयारीत बसलेला असतो.

दुपारी जुन्या मालिका पुन्हा दाखवतात. मी बघत नाही सहसा. आज टेम्पो गेला, वास मागे राहिला, आणि मी आत येऊन टीव्ही लावला. पडद्यावर जांभळी नऊवारी होती. तवा फुटला होता. मागे माणसं पोहे खात होती. या बाईची आई पाच दिवसांपूर्वी गेलीय, हे त्या खोलीत कुणाला दिसत नव्हतं. इंदूवन्संनी हेल काढला, आणि शेवट धपकन खाली टाकला.

एवडी मानसा हायत घरान.

मी टीव्हीचा आवाज वाढवला. बाहेर लूम चालू होते, कुणाला ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तरी. हेल घेणारीनं बसून राहायचं नसतं. मी खुर्चीतून उठले, आणि तिनं जिथं टाकला होता, तिथून तो उचलला.